आजाराचा हप्ता

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतो. गृहस्थाच्या वहीत अलीकडे जो रकाना दरसाल फुगत चालला आहे, तो आरोग्यविम्याच्या हप्त्याचा. सणासुदीला आजारपणाचा विषय काढणे कित्येकांना रुचणार नाही. परंतु हा रकाना कोणी आखला आणि त्याच्या रेषा कशा हलत गेल्या, हा इतिहास घरच्या मंडळींनी एकदा एकत्र बसून वाचावा असा आहे.

'विमा' हा शब्द आपल्याकडे फार्शीतून आला. गलबतावरील मालाचा विमा फार जुना. मात्र आजाराचा विमा कायद्याने सक्तीचा केला तो जर्मनीत, बिस्मार्कच्या कारकिर्दीत, १८८३ साली. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने द्यावयाचे व एक हिस्सा मालकाने. इंग्लंडात १९११ साली लॉइड जॉर्जने असाच कायदा केला. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन. म्हणून चार पेन्सांत नऊ पेन्सांचा लाभ, असा त्याचा प्रचार होता. सौदा खरोखरच चांगला होता. फक्त डॉक्टरचा उपचार मिळे तो कामगारालाच. त्याची बायकामुले त्या उपचाराला मुकलेलीच राहिली. विम्याचा कोणताही नियम वाचताना मला ही बायकामुले आठवतात. नियम कोणाला आत घेतो हे तो मोठ्याने सांगतो. कोणाला बाहेर ठेवतो ते आपणच शोधावे लागते.

आपल्या देशात या विचाराला आकार दिला तो प्रा. बी. पी. आडारकर यांनी. १९४३ साली सरकारने त्यांच्यावर हे काम सोपविले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अहवाल दिला. त्यावरून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेला आरंभ झाला. महिना चारशे रुपयांपर्यंत मजुरी असलेला कारखान्यातील कामगार तिच्यात येई. महागाई वाढली तशी ही मर्यादा वाढवावी लागली. जानेवारी २०१७ पासून ती एकवीस हजारांवर नेण्यात आली. वर्गणीही बदलली. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्का झाला. म्हणजे एकवीस हजार मिळविणाऱ्याच्या पगारातून महिन्याला जवळजवळ एकशे अठ्ठावन्न रुपये जात, आणि त्यात त्याच्या घरच्यांचाही उपचार येई. याहून स्वस्त विमा शोधून सापडणार नाही.

पण या मर्यादेत एक गमत आहे. एखाद्याचा पगार एकवीस हजारांवरून बावीस हजार झाला, तर तो पेढे वाटतो. आणि चालू मुदती संपल्या की काही महिन्यांनी योजनेच्या दवाखान्याचे दार त्याला बंद होते. वाढलेल्या हजार रुपयांत त्याने बाजारातला विमा विकत घ्यावा, अशी अपेक्षा असते.

तो बाजारातला विमा आपल्याकडे उशिराच आला. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभरावर कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या, आणि त्या चौघींनी १९८६ साली 'मेडिक्लेम' बाजारात आणला. मध्यमवर्गाला तो वरदान वाटला. आयकरात सूटही मिळाली. मात्र रुग्णालयात किमान चोवीस तास राहणे सामान्यतः आवश्यक होते, आणि विमा घेण्यापूर्वी जडलेला आजार विम्याबाहेरच राही. मधुमेह आधी झाला असेल, तर विमा घेऊनही मधुमेहापुरता माणूस उघडाच.

पुढे १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. २००७ च्या आरंभी आगीच्या विम्याचे ठरीव दर उठले, तेव्हा सामान्य घरात त्याची चर्चाही झाली नाही. पण आगीच्या विम्यातील नफ्यावर आजाराच्या विम्याची तूट सोसण्याची जी सोय होती, ती त्याबरोबर आटली. कारखानदाराचा हप्ता उतरला आणि पेन्शनर आजोबांचा चढला. एकाच घटनेची ही दोन टोके इतक्या अंतरावर होती, की त्यांचा संबंध फार थोड्यांच्या ध्यानी आला.

याच काळात पॉलिसीत खोलीभाड्याचे कलम रुळले. माझ्या एका स्नेह्यांना त्याचा अर्थ शस्त्रक्रियेनंतर कळला. विमा दोन लाखांचा, खोलीभाडे दिवसाला एक टक्का, म्हणजे दोन हजार. त्यांनी घेतली चार हजारांची खोली. कंपनीने खोलीचे निम्मे भाडे कापले, ते त्यांना मान्य होते. पण त्याच प्रमाणात शस्त्रवैद्याचे आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही निम्मे केले! खोली निवडताना आपण सारे बिलच निवडतो आहोत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. २०२० साली नियामकांनी औषधे, तपासण्या आणि शरीरात बसविण्याची साधने यांना अशी कात्री लावण्यास बंदी केली. शुल्कांवरची कात्री उरलीच.

आता ग्राहकाच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. २०११ पासून प्रतीक्षेची वर्षे न गमावता कंपनी बदलता येऊ लागली. २०१३ च्या नियमांनी आजन्म नूतनीकरणाचा हक्क दिला. दावा केला म्हणून किंवा वय झाले म्हणून पॉलिसी नाकारण्याची सोय राहिली नाही. जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के जीएसटी उठला. वीस हजारांच्या हप्त्यावर पूर्वी छत्तीसशे रुपये कर पडे, तो वाचला.

या सुधारणा खऱ्या आहेत, आणि त्या झाल्या याचा मला आनंद आहे. परंतु आजार काही नियमाने कमी होत नाहीत. जुना मधुमेही लवकर आत आला, ऐंशीचे आजोबा आतच राहिले, की त्यांचा खर्च सर्वांच्या हप्त्यात मिसळतो. त्यात गैर काहीच नाही. विमा म्हणतात तो यालाच. धोका आहे तो आजोबांच्याच हप्त्याचा चढ असा ठेवण्यात, की हक्क कागदावर राहावा आणि पॉलिसी परवडू नये. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये नियामकांनी घातलेले बंधन मला करमाफीहून मोलाचे वाटते. साठीवरील विमेदारांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा, तर कंपनीने आधी नियामकांशी सल्लामसलत करावयाची, असे ते बंधन आहे. तथापि दहा टक्क्यांचा हिशेबही मांडून पाहावा. दरसाल दहा टक्के वाढ झाली, तर साठाव्या वर्षीचा तीस हजारांचा हप्ता अडुसष्टाव्या वर्षी चौसष्ट हजारांच्या वर जातो. पेन्शन अशी दुप्पट होत नाही.

तेव्हा नवा नियम जाहीर झाला, की कोणाला काय मिळाले एवढेच वाचून थांबू नये. बाहेर कोण राहिले आणि भार कोणाच्या खांद्यावर सरकला, हेही विचारावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांची पॉलिसी, हप्ता भरण्यापूर्वी, कलमांसकट एकदा त्यांना वाचून दाखवावी.