करोडगिरीची पावती : बीडच्या हद्दीवरील शिक्क्यांचा इतिहास

परदेश प्रवासात पारपत्रावर, म्हणजे पासपोर्टवर, प्रवेशाचा किंवा निर्गमनाचा शिक्का उमटला नाही, अथवा उमटला पण त्यावरील तारीख चुकली, तर ती चूक चौकीवरील कारकुनाची असली तरी तिचा जाब प्रवाशाला द्यावा लागतो. ही अडचण विमानतळांच्या युगात जन्मली, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु बीड जिल्ह्याचा भूतकाळ पाहता या समजाला फारसा आधार उरत नाही. आज जिल्ह्याच्या पश्चिमेला आष्टी आणि पाटोदा ओलांडून जामखेड किंवा पाथर्डी गाठणारा माणूस एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातो. 1948 पूर्वी मात्र हाच माणूस निजामाच्या राज्यातून इंग्रजी मुलखात जात असे, आणि त्याच्याजवळच्या मालाला त्या ओळीवर जकात, पावती व शिक्का यांना सामोरे जावे लागे. अलीकडची ती ‘मोगलाई’ आणि पलीकडची ती ‘इंग्रजी’, अशी बोलीतली विभागणी होती. मोगल सत्ता लयाला गेल्यावरही निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणण्याची रीत मराठी मुलखात टिकून राहिली.

कागदावरील खुणेला एवढे वजन कोठून आले, हे समजण्यासाठी त्याही आधीच्या दफ्तरी व्यवहाराकडे वळावे लागते. मराठेशाहीत माणसाला किंवा मालाला वाटेत अडवू नये यासाठी जे आज्ञापत्र दिले जाई त्याला ‘दस्तक’ म्हणत, आणि वाटेवरील संरक्षणाच्या व वाहतुकीच्या बदल्यात जो कर घेतला जाई त्याला ‘राहदारी’ म्हणत. वाटचालीच्या परवान्यालाही पुढे हाच शब्द लागू झाला. अशा कागदाच्या आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपला त्या जागी लहान मुद्रा, म्हणजे ‘मोर्तब’, उठवली जाई, जेणेकरून त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे नेमके हेच काम करीत. लेखनाची मर्यादा येथे संपली, असे ती सांगत. त्याशिवाय कागद दफ्तरात नोंदला गेल्याचे दाखवणारे ‘सुरू सूद’, ‘बार’ यांसारखे शेरे निरनिराळ्या हातांनी पडत. एखादा शेरा राहून गेला तर कागद खोटा ठरेच असे नाही, मात्र तो संशयास पात्र होई; आणि ‘शिक्कामोर्तब होणे’ हा वाक्प्रचार आजही अंतिम मान्यतेसाठी वापरला जातो, यावरून त्या संशयाची धार किती होती याची कल्पना येते.

1795 मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, ते खर्डा गाव बीडच्या हद्दीला जवळजवळ लागून आहे. पेशवाई 1818 मध्ये संपल्यावर अहमदनगरचा प्रदेश इंग्रजांकडे गेला, बीड निजामाकडे राहिले, आणि दोहोंमधील सीमा दोन राज्यांची सीमा झाली. मात्र ही सीमा नकाशावर दिसते तशी एकसंध रेघ नव्हती. जामखेड तालुक्यातील इंग्रजी गावे आणि निजामी गावे एकमेकांत इतकी मिसळलेली होती की काही गावे चहूबाजूंनी परक्या मुलखाने वेढलेली असत. अशा ठिकाणी बाजाराला जाणे म्हणजे हद्द ओलांडणे, आणि घरी परतणे म्हणजे ती पुन्हा ओलांडणे असा प्रकार होता. प्रशासनाला सोयीची अशी सीमा लोकांच्या पायवाटांना कधीच सोयीची नसते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या नदीकाठच्या सीमेवर दिसत नाही.

हैदराबाद संस्थानात सीमाशुल्काच्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. अकबराच्या काळात एक कोटी दाम वसुलीच्या प्रदेशावर नेमलेल्या अंमलदाराला ‘करोडी’ असे नाव होते. त्याच नावाचा अर्थ दक्षिणेत हळूहळू सरकला आणि जकातीच्या कामाला जाऊन चिकटला. 1802 मध्ये कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने आयात मालावरील जकात किमतीच्या शेकडा 5 अशी ठरली, आणि हा दर पुढे दीर्घकाळ संस्थानच्या जकातीचा पाया राहिला. 1853 ते 1883 या काळात दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगांनी महसूल व्यवस्थेची नव्याने घडी घातली, तेव्हा मुलखाच्या आतील राहदारीचे ओझे हटत गेले आणि वसुलीचा भार सीमेवरच्या नाक्यांवर आला. बाहेर जाणारा कापूस व तेलबिया आणि आत येणारे कापड अशा वस्तूंवर जकात बसे, ती भरल्याची पावती मिळे, आणि ती पावती हाच माल वैध वाटेने आल्याचा पुरावा असे. म्हणून तिचे मोल जकातीच्या रकमेपेक्षा जास्त होते. ती हरवली किंवा तिच्यावरचा शिक्का वाचता येईनासा झाला, तर जकात भरलेला माल आणि जकात चुकवलेला माल यांत डोळ्यांना दिसणारा कोणताही फरक उरत नसे.

पावतीवरील चुकीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता, कारण हद्दीच्या दोन्ही बाजूंना भाषा, नाणे आणि कालगणना या तिन्ही गोष्टी वेगळ्या होत्या. संस्थानात 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. बीडचा शेतकरी मराठी बोले आणि गावचा कुलकर्णी मोडी लिही, त्यामुळे वरिष्ठ कचेरीतून हाती पडलेला कागद बरोबर आहे की चूक, हे ज्याच्या नावावर तो निघाला त्यालाच वाचता येत नसे. नाण्याचे तसेच होते. निजामाच्या रुपयाला ‘हाली शिक्का’ आणि इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत. 100 कलदार म्हणजे सुमारे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजेच 6 कलदारांना 7 हाली असा भाव होता. किंमत कोणत्या रुपयात धरली हे कागदावर स्पष्ट नसेल, तर जकातीच्या आकारणीत सहाव्या हिश्श्याचा फरक पडू शकत होता.

कालगणनेचा घोळ सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत लक्षणीय आहे. ‘फसल’ म्हणजे पीक. पिकाच्या वर्षावरून महसुलासाठी धरलेला सन तो फसली सन. नगर भागातील जुन्या गावदफ्तरांत हा सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून, बदलत असे, तर हैदराबादचा सरकारी फसली सन ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्यापासून सुरू होऊन आबान महिन्याला संपे. दोहोंचे आकडे एकाच परंपरेतले असल्यामुळे ऑक्टोबर ते जून या काळात ते जुळत, आणि जून ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत त्यांच्यात बरोबर एक वर्षाचे अंतर पडे. 15 ऑगस्ट 1947 हा दिवस घेतला तर मृगापासूनच्या गणनेने तो फसली 1357 मध्ये पडतो आणि हैदराबादच्या गणनेने 1356 मध्ये. ज्या तारखेत कोणाचीही लबाडी नाही आणि कोणाची चूकही नाही, ती तारीखही पलीकडच्या माणसाला चुकीची वाटावी, अशी ही व्यवस्था होती. जुन्या कागदांचा अभ्यास करणाऱ्याने बीड आणि नगरच्या नोंदी शेजारी ठेवताना ही गोष्ट विसरता कामा नये.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाके आंदोलकांच्या रोषाचे लक्ष्य झाले, याचे कारण यातून उमगते. सामान्य माणसाला निजामाची सत्ता रोजच्या व्यवहारात भेटत असे ती बहुधा पाटील-पटवारी, पोलीस आणि नाका यांच्या रूपाने. म्हणून 1947-48 मध्ये सीमेवरील शिबिरांतून निघालेल्या तुकड्यांनी नाक्यांवर हल्ले केले आणि त्यांतील दफ्तरे जाळली. 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या लष्करी कारवाईने संस्थान भारतात आले, तरी नाका त्याच दिवशी नाहीसा झाला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 306 ने पूर्वीच्या संस्थानी राज्यांना केंद्राशी करार करून सीमेवरील जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती, आणि तो अनुच्छेद 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने रद्द झाला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बीड जिल्हा मुंबई राज्यात आला.

याच काळात मराठवाड्यातील काही कुटुंबांपुढे नवी सीमा उभी राहिली. फाळणीनंतर नातलग दोन देशांत विखुरले होते; जुलै 1948 मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत सुरू केली आणि ऑक्टोबर 1952 पासून दोन्ही देशांच्या दरम्यान पारपत्र आवश्यक झाले. पुढे 1956 च्या नागरिकत्व नियमांनी परदेशाचे पारपत्र घेतले की परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले असे मानण्याची तरतूद केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ती वैध ठरवली. ज्याने केवळ परतीच्या प्रवासासाठी हाती आला तो कागद घेतला, त्याच्यावर त्या कागदाने देश बदलल्याचा शिक्का मारला.

कामासाठी आखातात जाणाऱ्यांच्या बाबतीत शिक्क्याचा अर्थ आणखी एकदा उलटला. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार कमी शिक्षण असलेल्या कामगाराला ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक होती, आणि जानेवारी 2007 पूर्वीच्या पारपत्रावर ही तपासणी लागू नसल्याचा शिक्का मुद्दाम मारून घ्यावा लागे. त्यानंतर निघालेल्या पारपत्रावर काहीही नोंद नसणे हेच तपासणी लागू नसल्याचे चिन्ह ठरले. त्यामुळे काही वर्षे एकाच घरातल्या दोन भावांच्या पारपत्रांतील कोऱ्या जागेचे दोन विरुद्ध अर्थ होऊ शकत होते, आणि ते ठरत पारपत्र निघालेल्या वर्षावरून.

युरोपातील शेंगेन देशांच्या सीमासंहितेत, शिक्क्यांची पद्धत होती तोवर, प्रवेशाचा शिक्का नसलेला परदेशी प्रवासी मुदतीबाहेर राहिला असे गृहीत धरण्याची मुभा होती. ते गृहीतक खोडण्यासाठी प्रवाशाला विमानाचे तिकीट किंवा अन्यत्र असल्याचा विश्वासार्ह पुरावा स्वतः पुढे करावा लागे. करोडगिरीच्या पावतीमागचा तर्क याहून वेगळा नव्हता. जामखेडच्या वाटेवर पावती गमावलेल्या व्यापाऱ्याकडे मात्र तिकीट नसे. त्याच्याजवळ असे ती फक्त बाजारातल्या ओळखीच्या माणसांची साक्ष, आणि ती माणसेही अनेकदा हद्दीच्या पलीकडची असत.