अनुकरण कीं अपहार?

शाळेंत विद्यार्थी गुरुजींचें वळणदार अक्षर पुढें ठेवून कित्ता गिरवितो, तेव्हां त्यास कोणी चोर म्हणत नाहीं. तोच विद्यार्थी परीक्षेच्या वेळीं शेजाऱ्याच्या पाटींत डोकावला, तर शिक्षेस पात्र ठरतो. दुसऱ्याचें पाहून लिहिणें ही क्रिया दोन्ही प्रसंगीं एकच. मग दोष नेमका कोठें शिरतो? अमेरिकेंतील ॲपल आणि दक्षिण कोरियांतील सॅमसंग या दोन बलाढ्य कंपन्या याच प्रश्नावर सात वर्षें न्यायालयांत झगडल्या. ती हकीकत श्रोत्यांनीं ऐकण्याजोगी आहे. कारण वादाची वस्तु आज बहुतेकांच्या खिशांत असते.

९ जानेवारी २००७ रोजीं ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें आयफोन लोकांपुढें ठेविला. तोंवरच्या बहुतेक फोनांवर बटनांची गर्दी असे. या फोनाची दर्शनी बाजू म्हणजे एक अखंड काळी काच, गोलसर कोपरे, खालीं एकच बटन, आणि काचेवर ओळीनें मांडलेलीं रंगीत चौकोनी चित्रें. मौजेची गोष्ट अशी कीं, त्याच्या पोटांतील मुख्य चिप सॅमसंगनेंच बनवून दिली होती. २०१० सालीं सॅमसंगचा गॅलेक्सी एस बाजारांत आला, आणि दोन्ही फोन शेजारीं ठेवणारास ते सख्ख्या भावंडांसारखे दिसूं लागले. १५ एप्रिल २०११ रोजीं ॲपलनें कॅलिफोर्नियांत दावा लावला. तक्रार केवळ फोनाच्या घडणीची नव्हती. फोन ज्या डब्यांत घालून विकावयाचा, त्या डब्याचीही नक्कल झाली आहे, असें ॲपलचें म्हणणें होतें.

खटल्यांत सॅमसंगचें एक अंतर्गत टिपण पुढें आलें. २०१० सालच्या त्या १३२ पानी टिपणांत दोन्ही फोनांची अंगोपांगें समोरासमोर मांडून, आपला फोन कोठें उणा पडतो व तो कसा सुधारावा, हें लिहिलेलें होतें. ॲपलच्या वकिलांस तें चोरीचें कबुलीपत्र वाटलें. सॅमसंगचें उत्तर असें कीं, प्रतिस्पर्ध्याच्या मालाचा अभ्यास कोणता व्यापारी करीत नाहीं? शिवाय गोल कोपऱ्यांचा चौकोन ही कोणा एकाची मिरास नव्हे.

निवाड्याची कसोटी मात्र फोनाहून फार जुनी होती. १८७१ सालीं चांदीच्या चमच्यांच्या दांड्यांवरील नक्षीसंबंधीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें नियम घालून दिला होता. सामान्य गिऱ्हाईक जितकें लक्ष देऊन वस्तु घेतें, तितक्या लक्षानें पाहतांही एक समजून दुसरी घेण्याइतकी त्याची फसगत होत असेल, तर ती नक्कल होय. कारागिराच्या नजरेस दिसणारे बारीक भेद तेथें कामास येत नाहींत. या कसोटीवर २४ ऑगस्ट २०१२ रोजीं ज्यूरीनें सॅमसंगच्या अनेक फोनांना दोषी धरून सुमारें १०५ कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. परंतु टॅब्लेटच्या आकृतीची नक्कल झाली, हें त्याच ज्यूरीनें मानलें नाहीं. लंडनमध्यें तर त्याच्या आदल्या महिन्यांतच न्यायमूर्ति कॉलिन बर्स यांनीं सांगितलें होतें कीं, सॅमसंगच्या टॅब्लेटांत ॲपलचा निखळ साधेपणा नाहीं, ते तितके झोकदार नाहींत, म्हणून गिऱ्हाइकाची गल्लत होणार नाहीं. आपला माल कमी देखणा ठरल्यामुळें खटला जिंकण्याचा हा योग विरळाच!

पुढें भरपाईच्या आंकड्यावर वाद चालला. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ठरविलें कीं, नक्कल एका भागापुरती असल्यास संपूर्ण फोनाचा नफा हिरावून घेतलाच पाहिजे असें नाहीं. मे २०१८ मध्यें नव्या ज्यूरीनें सुमारें ५३ कोटी ९० लक्ष डॉलर ठरविले, आणि जूनमध्यें उभय पक्षांनीं तडजोड केली.

परंतु फिर्यादीचीही पाटी कोरी नव्हती. १९७९ सालीं जॉब्स यांनीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत पडद्यावरील चौकटी व माउस यांचा प्रयोग पाहिला. त्याच धर्तीवर १९८४ सालीं मॅकिंटॉश निघाला. मात्र झेरॉक्सला ॲपलचे भाग विकत घेण्याची मुभा मिळाली होती. भेट अगदींच फुकट नव्हती. ॲपलनें १९८८ सालीं मायक्रोसॉफ्टवर नकलेचा दावा केला, तेव्हां पुढल्याच वर्षीं झेरॉक्सनें ॲपलला न्यायालयांत खेंचलें. दोन्ही वादी हरले. जर्मन रचनाकार डीटर राम्स यांच्या १९५८ सालच्या लहानशा रेडिओची छाया ॲपलच्या २००१ सालच्या आयपॉडवर अनेकांस दिसते. परंतु ॲपलचे रचनाकार जॉनी आयव्ह यांनीं राम्स यांचें ऋण उघडपणें मान्य केलेलें आहे.

जाहिरातींचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. ॲपलनें २०१६ सालीं फोनावरील हेडफोनाचें भोंक काढून टाकलें, तेव्हां सॅमसंगनें जाहिरातींतून त्याची थट्टा केली; आणि २०१९ सालीं आपल्या नोट १० मधून तेंच भोंक काढलें. ऑक्टोबर २०२० मध्यें डब्यांतून चार्जर वगळल्यावरून हंसणें झालें. तीन महिन्यांत सॅमसंगच्या नव्या फोनाच्या डब्यांतूनही चार्जर नाहींसा झाला. उलट, सॅमसंगनें २०११ सालीं आणलेल्या मोठ्या पडद्याच्या फोनाची वाट ॲपलनें २०१४ सालीं धरली.

तेव्हां सॅमसंगनें नक्कल केली काय, या प्रश्नास कांहीं आरंभींच्या फोनांपुरतें उत्तर होकारार्थी द्यावें लागेल. सगळ्या स्पर्धेस मात्र चोरी हें नांव शोभत नाहीं. कित्ता गिरविल्यावांचून अक्षर वळत नाहीं. परंतु कित्ता गिरविणारानें गुरूचें नांव घ्यावें, पुढें आपलें स्वतःचें वळण घडवावें, आणि आपला कागद गुरूचा म्हणून कोणास विकूं नये. ज्याची थट्टा केली, त्याच्याच मागून मुकाट्यानें जाण्यास कायद्यांत शिक्षा नाहीं. त्याची किंमत मात्र रिकामा डबा उघडणारें गिऱ्हाईक भरीत असतें.