झिजलेले रेशीम, टिकलेले टाके: अमेरिकेतील क्रेझी क्विल्टचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांमध्ये ‘क्रेझी क्विल्ट’ नावाच्या गोधडीची मोठी लाट आली. रेशीम, साटीन, मखमल आणि ब्रोकेड यांचे वेडेवाकडे तुकडे मांजरपाटाच्या चौकोनावर कडेवर कड चढवून मांडायचे, कच्च्या दोऱ्याने टाचायचे आणि मग प्रत्येक जोडावर रंगीत रेशमी धाग्याचे नक्षीदार टाके घालून तो जोड झाकून टाकायचा, अशी तिची रीत होती. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकजीव करून ऊब देणारी गोधडी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. क्रेझी क्विल्टमध्ये मात्र बहुधा आत भरण नसे, थरांतून आरपार जाणारी शिवणही नसे, आणि तिची जागा बिछान्यापेक्षा दिवाणखान्यातील सोफ्यावर किंवा पियानोवर असे.

या प्रकाराचा उगम अभ्यासक बहुधा 1876 साली फिलाडेल्फियात भरलेल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनाशी जोडतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाल्यानिमित्त भरलेल्या या प्रदर्शनाला सुमारे एक कोटी भेटी नोंदल्या गेल्या, आणि तेथील जपानी दालनातील भांडी, पडदे व चित्रे यांनी समतोल भौमितिक रचनेला सरावलेल्या डोळ्यांना असमतोल मांडणीची गोडी लावली. त्याच प्रदर्शनात लंडनमध्ये 1872 साली स्थापन झालेल्या ‘रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क’ या संस्थेचे भरतकामही मांडलेले होते. क्रेझी क्विल्टवर पुढे सतत दिसणारे पंखे, बगळे, घुबडे, कोळ्याची जाळी आणि मोरपिसे या दोन ओढींच्या संगमातून आली, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

केवळ अभिरुची बदलल्याने मात्र अशी लाट उसळत नाही. त्यासाठी रेशीम हाताशी असावे लागते. यादवी युद्धाच्या काळात, 1864 साली, अमेरिकेने परदेशी रेशमी मालावर साठ टक्के जकात बसवली, तिच्या आडोशाने न्यू जर्सीतील पॅटरसनसारख्या गावी रेशमाच्या गिरण्या भरभराटीला आल्या आणि एकेकाळी श्रीमंतांपुरते असलेले कापड मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. शिलकी तुकड्यांची पाकिटे टपालाने मिळू लागली, स्त्रियांच्या मासिकांतून त्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. म्हणूनच क्रेझी क्विल्टला काटकसरीची कला म्हणणे चुकीचे ठरते, कारण कित्येक घरांत चिंध्या साठवल्या जात नव्हत्या, त्या विकत आणल्या जात होत्या.

तिच्यातील अव्यवस्थाही वरवरचीच असते. बहुतेक नमुन्यांत सारख्या मापाचे चौकोन वेगवेगळे पूर्ण करून मग जोडलेले आढळतात, उजळ तुकड्याशेजारी गडद तुकडा जाणीवपूर्वक ठेवलेला दिसतो, आणि जोडांवरचे पिसासारखे फाटे फुटणारे फेदर टाके, तिरप्या फुल्यांचे हेरिंगबोन टाके, साखळी टाके व गाठीचे टाके एका चौकोनात शक्यतो पुन्हा येऊ नयेत याची काळजी घेतलेली असते. कोळ्याचे जाळे भरताना रुपेरी जर कापडावर पसरून जागोजागी बारीक टाक्यांनी दाबून बसवत, आणि काही क्विल्टवर त्या जाळ्यातील कोळी एक-दोन काचमण्यांचा केलेला सापडतो. व्हेनिस आणि बोहेमिया ही त्या काळी अशा बारीक काचमण्यांची प्रमुख केंद्रे होती. उत्तम मणीकामात प्रत्येक मणी उलट्या टिपेने स्वतंत्र पक्का केलेला असतो, त्यामुळे एक दोरा तुटला तरी सगळी ओळ ओघळत नाही.

या तुकड्यांमध्ये निवडणूक प्रचाराच्या रेशमी फिती वारंवार आढळतात, आणि त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती 1920 साली झाली. त्याआधी कित्येक वर्षे उमेदवाराच्या नावाची फीत क्विल्टच्या मध्यभागी भरणारी स्त्री आपला राजकीय कल आपल्याच दिवाणखान्यात उघडपणे मांडत होती. अशा वस्तूला रिकामपणाचा उद्योग म्हणून बाजूला सारणे हा तिच्यावर अन्याय आहे. तरीही 1880 च्या दशकातच या छंदावर वेळ वाया घालवल्याचा ठपका येऊ लागला होता. शतक सरता सरता रेशमी क्विल्टची लाट ओसरली, आणि ग्रामीण भागात ती रीत लोकरी व सुती तुकड्यांवर आणखी काही काळ चालू राहिली.

1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून दाखवल्या, तेव्हा भर भौमितिक रचनांवर होता. 1981 साली केंटकी राज्यात घरोघरच्या जुन्या क्विल्टची नोंदणी सुरू झाली आणि इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. तोवर रेशमाची हानी मात्र बरीच झाली होती. कोशाचे रेशीम उकळून त्यावरचा डिंकासारखा थर काढला की त्याचे वजन जवळपास चौथाईने घटते; ती तूट भरून काढण्यासाठी कारखानदार ते धातूंच्या क्षारांत बुडवत, गडद रंगांसाठी लोखंडाचे क्षार व टॅनिन, तर पुढे कथलाचे क्षार वापरत. असे रेशीम हाताला भारदस्त लागते, पण उजेडाने आणि काळाने ठिसूळ होऊन उभे-आडवे चिरत जाते. मण्यांचा भार त्या चिरा वाढवतो, आणि नळीसारख्या मण्यांच्या धारदार कडा स्वतःचाच दोरा कापतात.

त्यामुळे आज अनेक क्विल्टवर तुकडा झडून गेला आहे आणि त्याच्याभोवतीचे टाके खालच्या मांजरपाटावर जसेच्या तसे उभे आहेत. गिरणीचा माल हरला आणि स्त्रियांचा हात टिकला, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. गेलेल्या जागी नवे रेशीम लावण्याचा मोह मालकांना होतो, पण जाणकार संवर्धक मूळ तुकड्यावर पारदर्शक जाळी अंथरून तो धरून ठेवणे पसंत करतात. उघडा पडलेला मांजरपाटही बोलका असतो. त्यावर कच्च्या टाक्यांच्या रेघा दिसतात, आणि क्वचित तुकडे कसे मांडायचे याच्या पेन्सिलीच्या खुणाही सापडतात. अर्धवट झडलेल्या मखमलीवर छिद्रे पाडलेल्या कागदातून भुकटी घासून उठवलेल्या ठिपक्यांची ओळ राहिली असेल, तर त्यावरचे घुबड विकतच्या खाक्यावरून भरले होते हे ठरवता येते, आणि उरलेल्या नक्षीतील कोणती क्विल्ट करणाऱ्या स्त्रीने स्वतः रेखली असावी याचा शोध तेथून पुढे नेता येतो.