ठोकळ्यांचे पोते आणि शिगेची पायली

मुरबाड तालुक्यातले वैशाखरे हे गाव कल्याण-नगर रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या मुलांच्या वाचनालयासाठी आम्ही काहीजण पुस्तके आणि खेळणी जमवत होतो. हे कानावर गेल्यामुळे भंगार गोळा करणारा एक तरुण पाठीवर पोते घेऊन आला. त्यात प्लास्टिकचे रंगीत ठोकळे होते, एकावर एक दाबले की घट्ट बसणारे. कल्याणकडच्या कुठल्याशा सोसायटीतून त्याने ते किलोला पन्नास रुपयांनी उचलले होते. तो म्हणाला, “काका, ऐंशीनं घ्या. पोरांसाठी हाय, जास्ती नाय सांगत.”

पोते नऊ किलो भरले, म्हणजे सातशे वीस रुपये झाले. आमच्याजवळ चार हजार होते. खिशात हात घालणार तोच एक ठोकळा मी उचलून पाहिला. त्याच्या प्रत्येक बोंडावर ‘लेगो’ ही अक्षरे होती. हे जुने ठोकळे शहरात भंगाराच्या कितीतरी पट भावाने विकले जातात, हे मला ठाऊक होते आणि त्याला नव्हते. त्याने स्वतःहून सांगितलेला भाव मी दिला असता, तर कोणत्याही कायद्याने मला दोष दिला नसता. तरी तो भाव रास्त ठरला असता का, हा प्रश्न पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी या परिसराच्या मापांच्या आणि भावांच्या इतिहासात बराच मागे गेलो.

सुरुवात घाटापासूनच करावी लागते. जुन्नरच्या पठारावरून कोकणात उतरणारी ही वाट सातवाहनांच्या काळी व्यापाराची मोठी वाट होती. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या प्रवासग्रंथात कल्याण, पैठण आणि तेर या तिन्ही बाजारपेठांचे उल्लेख येतात. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणांची मोजदाद केली आहे : गाई १,७००, हत्ती १०, आणि एके ठिकाणी कार्षापण २४,४००. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये हा लेख गणला जातो. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. गाई, हत्ती आणि नाणी यांची एकत्र रास करून ‘इतके सारे दिले’ असे तिथे म्हटलेले नाही. प्रत्येक वस्तू वेगळी लिहून तिची संख्या वेगळी दिली आहे. मिश्र मालाचा हिशेब करण्याची पहिली पायरी हीच आहे.

पण घाटाखालचा रोजचा व्यवहार राजलेखाइतका स्वच्छ नव्हता. इथे धान्य वजनाने नव्हे, मापाने मोजले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक आमच्या आजीच्या पिढीला तोंडपाठ होते. मापाची अडचण कोष्टकात नव्हती, ती शिगेत होती. पायली काठोकाठ भरून वरून हात फिरवला की ती सपाट होते. तिच्यावर जितके दाणे टिकतील तितके रचले की शिगेची होते. दोन्ही पायल्याच, पण धान्य सारखे नाही. सावकार देताना सपाट देई आणि घेताना शिगोशीग घेई, ही तक्रार महाराष्ट्रात गावोगाव ऐकू येते. नावाने माप एकच राहते, म्हणून भांडायलाही जागा उरत नाही.

वजनाची गोष्टही फार वेगळी नव्हती. ‘मण’ हा शब्द सगळीकडे एक, पण मुंबईच्या बाजारातला मण २८ पौंडांचा आणि सरकारी मण सुमारे ८२ पौंडांचा, म्हणजे ४० शेरांचा होता. ज्याला दोन्ही मण माहीत त्याचा फायदा आणि ज्याला एकच माहीत त्याचा तोटा. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. देशभरासाठी दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून काही भागांत किलोग्रॅमची वजने सुरू झाली आणि १९६२ पर्यंत ती सर्वत्र सक्तीची झाली. शेर, मण, पायली बाजारातून गेले, बोलण्यात मात्र राहिले.

योगायोग असा की त्याच १९५८ साली, २८ जानेवारीला, डेन्मार्कमध्ये आमच्या पोत्यातल्या ठोकळ्याच्या रचनेचे पेटंट मागितले गेले. बिलुंड गावच्या ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लास्टिक ओतण्याचे यंत्र आणले आणि १९४९ साली एकमेकांत बसणारे ठोकळे बाजारात आले. त्यांची कल्पना हिलरी पेज या इंग्रज खेळणीकाराच्या ठोकळ्यांवरून घेतलेली होती. हे पहिले ठोकळे बसत, पण सैल असत. १९५८ च्या रचनेत ठोकळ्याच्या पोटात नळ्या आल्या, त्यामुळे पकड घट्ट झाली. १९६३ च्या सुमारास प्लास्टिकही बदलले आणि आकार व रंग अधिक टिकू लागले. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. जुन्या ठोकळ्याला किंमत येते ती यामुळेच. बहुतेक खेळणी एखादा भाग हरवला की निकामी होतात, हा ठोकळा मात्र परक्या पोत्यात जाऊनही कामाचा राहतो. आठ बोंडांचे फक्त सहा सारखे ठोकळे जोडण्याचे ९१,५१,०३,७६५ प्रकार होतात, असे गणित तिकडच्या गणितज्ञांनी मांडले आहे. मुलांच्या हाती सहा ठोकळे दिले तरी खेळ संपत नाही, इतकाच त्याचा आपल्यापुरता अर्थ.

या रचनेची पेटंटे पुढे संपली आणि इतर कारखानेही तशाच मापाचे ठोकळे बनवू लागले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निर्णय दिला की, पेटंट संपल्यावर बोंडांच्या उपयुक्त आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगता येत नाही. तेव्हा पोत्यात नावाचा ठोकळा आणि बिननावाचा ठोकळा शेजारी असणार, आणि बिननावाचा म्हणजे खोटा असेही नाही. तो नीट बसतो का, हे पाहायचे.

आता आमच्या पोत्याकडे वळू. पहिला प्रश्न असा की हा माल मापाने घ्यावा, नगाने की वजनाने? मापाने घेतला तर शिगेची जुनी अडचण पुन्हा उभी राहते. सुटे ठोकळे टोपलीत टाकले की मध्ये हवा राहते आणि तेच जोडून ठेवले की निम्म्या जागेत बसतात. नगाने मोजायला दिवस जाईल, शिवाय एका बोंडाचा तुकडा आणि आठ बोंडांचा ठोकळा एकाच भावाचे नाहीत. वजन बरे, कारण आठ बोंडांचा ठोकळा सुमारे २.३ ग्रॅमचा असतो, म्हणजे किलोत असे चारशे तीसच्या आसपास बसतात. पण वजनालाही एक खोट आहे. तुटके चाक, पेनाचे टोपण आणि चांगला ठोकळा काट्यावर सारखेच बोलतात.

नगाचा हिशेब या तालुक्यांना चांगला माहीत आहे, कारण इथे खऱ्या विटा पडतात. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबे भट्ट्यांवर जातात. आधी उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगामाच्या शेवटी हजारी दराने, म्हणजे पाडलेल्या हजार विटांमागे, हिशेब होतो. फुटलेली, अवकाळी पावसाने विरघळलेली वीट कोणाच्या खात्यात धरायची, यावर तो हिशेब फिरतो. तुटफुटीच्या नावाने काही ठिकाणी हजारामागे जास्तीच्या विटा पाडून घेतल्या जातात. म्हणजे हजारालाही शीग असते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे. तो कागदावरून भट्टीवर आणण्यासाठी ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने दीर्घ काळ लढे दिले. आमच्या पोतेवाल्या तरुणाचे आईवडील भट्टीवर जाणारे होते. हजारी म्हणजे काय, हे त्याला मी सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वजनावरून एक मोठा लढा झाला आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली आणि त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने डहाणू-उंबरगावकडचे वारली उठले. गवत कापणाऱ्यांची मागणी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये अशी होती. ही मागणी मला फार शहाणी वाटते. ‘मजुरी वाढवा’ एवढेच म्हटले असते, तर मालकाने दर वाढवून भारा मोठा केला असता. वजन आणि दर दोन्ही एका वाक्यात बांधल्याने ती पळवाट बुजली.

बाजारातल्या भावाचेही असेच आहे. पूर्वी दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. माल ज्याचा, तो शेतकरी समोर उभा असे, पण भाव त्याला कळत नसे. कापसासाठी वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला, शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ साली अशा बाजारांची शिफारस केली आणि मुंबई इलाख्यात १९३९ साली कायदा आला. या सुधारणांचा गाभा एकच होता, भाव उघड्यावर बोलला गेला पाहिजे. मी ऐंशी रुपये देऊन पोते घेतले असते, तर मीही रुमालाखालीच सौदा केला असता. फरक एवढाच की रुमाल दिसला नसता.

म्हणून मी त्याला जे माहीत होते ते सांगितले आणि आम्ही ओटीवर बसून पोते पाहू लागलो. वरचा माल बघून धान्याचे पोते कोणी घेत नाही. व्यापारी पोकळ सळई खुपसून मधला दाणा काढतो. आम्ही पोते सतरंजीवर ओतून हलवले आणि वरून, मधून, तळातून ओंजळी घेत किलोभर वानवळा वेगळा केला. तो निवडला. नावाचे ठोकळे ५२० ग्रॅम निघाले. बिननावाचे पण घट्ट बसणारे ३०० ग्रॅम. उरलेल्या १८० ग्रॅममध्ये चावलेले, तडकलेले, दुसऱ्याच खेळण्यांचे तुकडे आणि एक साबणाची डबी होती. शंका आली तो प्रत्येक ठोकळा दुसऱ्यावर दाबून पाहिला. उन्हाने पिवळे पडलेले पण पकड शाबूत असलेले चांगल्यात धरले, कारण मुलांना रंगापेक्षा पकड महत्त्वाची. चाके आणि छोटी माणसे आधीच कोणी काढून घेतली आहेत का, तेही पाहिले. थोडी होती, म्हणजे माल चाळलेला नव्हता.

मग भाव. शहरात धुऊन, निवडून विकलेल्या ठोकळ्यांना जे येते, त्यातून धुण्यानिवडण्याची मजुरी आणि घट वजा करून मी नावाच्यांना किलोला हजार, बिननावाच्यांना चारशे आणि कचऱ्याला त्याच्याच खरेदीचा पन्नासचा भाव धरला. ५२० अधिक १२० अधिक ९, म्हणजे ६४९. साडेसहाशे म्हणू. नऊ किलोचे पाच हजार आठशे पन्नास झाले. आमच्याजवळ तेवढे नव्हते.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग मी तर सातशे वीसला देत व्हतो.” त्या वाक्यात राग होता की हसू, ते मला कळले नाही. तो पुढे म्हणाला, “अर्धं ठेवा.” आम्ही सहा किलो घेतले आणि तीन हजार नऊशे दिले. चांगले तेवढे वेचून नाही घेतले, जसे हलवले होते तसेच पाटीने भरून घेतले. वेचून घेतले असते, तर वानवळ्यावर ठरलेला भाव लबाडीचा झाला असता. उरलेले तीन किलो तो घेऊन गेला. ते आता तो ऐंशीने विकणार नाही.

माझ्या एका मित्राचे म्हणणे पडले की मी वाचनालयाचे पैसे उधळले. सातशे वीसमध्ये सगळे पोते आले असते आणि उरलेल्यात पुस्तके आली असती. हा आक्षेप हलका नाही. वर्गणी लोकांची होती आणि ती जपून वापरणे माझे काम होते. पण ती वर्गणी ज्या मुलांसाठी होती, त्यांतल्या काहींचे आईबाप त्याच भट्ट्यांवर हजारी मोजून घेतात. त्यांच्या खेळण्याची किंमत त्यांच्यातल्याच एकाच्या अजाणतेपणातून काढायची, हे मला जमले नसते. कमी पडलेली पुस्तके पुढच्या वर्गणीतून घेता येतील.

वाचनालयात आता ते ठोकळे एका पत्र्याच्या पेटीत आहेत. परवा एका मुलीने त्यांची भट्टी बांधली होती. विटा आडव्या-उभ्या रचून, मध्ये जाळासाठी भोके ठेवून, अगदी खरी भट्टी रचतात तशी. किती विटा लागल्या, असे मी विचारले. तिने बोट लावून मोजल्या आणि तुटकी एक बाजूला ठेवून सांगितले, “एकशे बारा. ही नाय धरली.”