घर विकायला एजंट लागतोच का? चतुःसीमेपासून इंडेक्स टू पर्यंत

आजचा विषय घराघरातला. आई-बाबांचा जुना टू बीएचके विकायचाय आणि पहिला प्रश्न काय येतो? "ओळखीचा एजंट आहे का कोणी?" 60 लाखांच्या फ्लॅटवर 2 टक्के दलाली धरली, तर 1 लाख 20 हजार होतात. ते द्यायचे की नाही हे ठरवण्याआधी एक बघूया: हा माणूस आपल्या व्यवहारात आला कुठून?

थोडं मागे जाऊ. मराठेशाहीत गावातलं वतन किंवा जमीन विकली की खरेदीखत व्हायचं. त्यात चतुःसीमा लिहायच्या, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला काय. आणि मुख्य म्हणजे साक्षीला गोत बसायचं: पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. पाटलाची निशाणी नांगर. लिहिता न येणारे बलुतेदार आपापल्या अवजाराचं चित्र काढायचे. कारण अगदी साधं होतं. उद्या भाऊबंदांपैकी कोणी उठून "माझा हिस्सा होता" म्हणाला, तर अख्खं गाव साक्षीदार! विकणारा, घेणारा आणि चारचौघांची साक्ष, या तीन पायांवर व्यवहार उभा असायचा.

पण शहरं वाढली. मुंबईत शेजारच्याचं नाव माहीत नसतं, तिथे गोत कुठून आणणार? मग साक्षीचं काम सरकारी वहीकडे गेलं. 1864 च्या कायद्याने स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदणी सक्तीची झाली. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने सांगितलं की 100 रुपये किंवा जास्त किमतीचं घर नोंदणीकृत दस्तानेच विकता येईल. तो 100 चा आकडा आजही तसाच आहे! पुढे 1908 चा नोंदणी कायदा आला, तो अजून चालू आहे. दस्तावर सही झाली की चार महिन्यांत तो नोंदणीला द्यायचा, हा त्यातलाच नियम.

आता गंमत बघा. या सगळ्यात एजंट कुठेच नाही. 1882 च्या कायद्याला विकणारा आणि घेणारा पुरतो.

मग एजंटला जागा कुठे मिळाली? माहितीत. स्वातंत्र्यानंतर मुंबईत घरांची टंचाई, 1947 च्या भाडे कायद्याने गोठलेली भाडी, वर पागडीचे व्यवहार. कुठली खोली रिकामी होतेय, कोणाकडे पैसा आहे, खरा भाव काय, हे कुठेच छापलेलं नसायचं, ते काही माणसांच्या डोक्यात असायचं. दलाली त्या माहितीची होती. सरकारने एजंटला नियमात आणलं ते फार उशिरा: रेरा कायदा 2016 चा. महाराष्ट्रात 2023 पासून एजंटला परीक्षाही द्यावी लागते.

आणि इथेच आपल्या पिढीचा फायदा आहे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू बघता येतो. तुमच्याच बिल्डिंगमधला फ्लॅट कितीला गेला, ते 'मोबदला' या रकान्यात असतं. म्हणजे खरा भाव आता कोणाच्या डोक्यात कुलूपबंद नाही. शेजाऱ्याच्या "माझा तर एक कोटीला गेला" या गप्पेपेक्षा हा रकाना जास्त खरा, फक्त तो नोंदवलेला आकडा आहे एवढं लक्षात ठेवा.

पण एजंट वगळला म्हणून काम संपत नाही, ते तुमच्याकडे येतं. मूळ करारनामा, आधीच्या व्यवहारांचे दस्त, शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, सगळी फाइल आधी लावा. सोसायटीला कळवा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य 25,000 रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही, हेही माहीत असू द्या. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापतो, तो हिशेबात धरा. मसुद्यासाठी वकील मात्र नक्की घ्या. वकिलाची फी आणि दलाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक जुनी जबाबदारी. 1882 चाच कायदा म्हणतो, घरातला किंवा मालकीतला जो मोठा दोष घेणाऱ्याला सहज दिसणार नाही आणि तुम्हाला माहीत आहे, तो तुम्ही सांगितलाच पाहिजे. बहिणीचा हिस्सा आहे? मग ती गोष्ट पहिल्या भेटीतच बोला आणि तिची सही घ्या. पूर्वी गोत बसायचं ते याचसाठी.

मुलं परदेशात, आई-बाबा एकटे, रोज अनोळखी लोकांना घर दाखवणं जमत नाही? मग एजंट खुशाल घ्या. रेरा नंबर विचारा, दलाली आधी लेखी ठरवा. पण त्याच्या धावपळीचे पैसे द्या, आपल्या भीतीचे नको.

एपिसोड आवडला तर फॅमिली ग्रुपवर टाका. काय सांगावं, घरातला हिश्शाचा विषय तिथेच निघेल, आणि तो आत्ता निघालेलाच बरा. भेटूया पुढच्या भागात!