मध्यरात्रीचे कृष्णधवल खेळ: गेम शो नेटवर्कची पहिली वर्षं

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्या मामापासून करतो. मामा 1997 च्या जानेवारीत न्यू जर्सीला गेला. तेव्हा पुण्यामुंबईची कितीतरी पोरं जात होती तशीच, जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला. 2000 साल उजाडलं की कॉम्प्युटर गडबडणार, अशी सगळ्या जगाला धास्ती होती ना, त्या कामावर. घरमालकाच्या तळघरात खोली, शिफ्ट रात्री दोनला संपायची, झोप उडालेली. आणि टीव्हीवर केबल. मामा सांगतो, "अरे, रात्री तीन वाजता चॅनल बदलत होतो, तर एकदम काळं-पांढरं चित्र. सूट घातलेली माणसं, डोळ्यांवर पट्ट्या बांधून बसलेली, आणि इतकं गोड इंग्लिश बोलतायत! मला वाटलं टीव्ही बिघडला."

टीव्ही बिघडला नव्हता. ते होतं गेम शो नेटवर्क. 1 डिसेंबर 1994 ला सुरू झालेलं, चोवीस तास फक्त गेम शो दाखवणारं अमेरिकन केबल चॅनल. मामाची ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, पण हे चॅनल असं मध्यरात्री चाळीस वर्षं जुने कार्यक्रम का दाखवत होतं, हे मी अगदी अलीकडे शोधलं. उत्तर साधं आहे. त्यांच्याकडे तेच होतं!

म्हणजे बघा, नवीन गेम शो बनवायला पैसे लागतात. सेट, बक्षिसं, सूत्रसंचालक, प्रेक्षक. नव्या केबल चॅनलकडे ते कुठून येणार? पण मालकांमध्ये सोनी होती, आणि सोनीने 1989 मध्ये कोलंबिया ही फिल्म कंपनी विकत घेतली तेव्हा तिच्याबरोबर टीव्हीचं एक मोठं जुनं कपाटही आलं होतं. 'व्हील ऑफ फॉर्च्यून' आणि 'जेपर्डी' त्यात होते. चक बॅरिस या अवलिया निर्मात्याचे 'द डेटिंग गेम', 'द न्यूलीवेड गेम' आणि 'द गाँग शो' होते. पुढे बॅरी आणि एनराइट या जोडीचे 'द जोकर्स वाइल्ड' आणि 'टिक टॅक डो' हेही सोनीकडे आले. आणि या सगळ्यापेक्षा मोठा खजिना म्हणजे मार्क गुडसन आणि बिल टॉडमन यांच्या कंपनीचे कार्यक्रम. ते करार करून घेतले होते.

बॅरी आणि एनराइट ही नावं ऐकून कोणाचे कान टवकारले? हेच ते 1950 च्या दशकातल्या क्विझ घोटाळ्यातले. त्यांच्या 'ट्वेंटी-वन' या शोमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जायची. चार्ल्स व्हॅन डोरेन हा कॉलेजात शिकवणारा देखणा तरुण त्यातून देशभर स्टार झाला, आणि 1959 मध्ये त्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. त्या भानगडीनंतर या जोडीला टीव्हीने बरीच वर्षं दारात उभं केलं नाही. 1972 मध्ये 'जोकर्स वाइल्ड' घेऊन जॅक बॅरी परत आला, आणि पुढे एनराइटही. त्यांचे हे दुसऱ्या डावातले कार्यक्रम या चॅनलवर अगदी निरागसपणे दुपारी लागायचे. मला याची गंमत वाटते. चॅनल इतिहासाचं, पण इतिहास सांगत काहीच नव्हतं. डबा उघडायचा, भाग लावायचा, संपला की पुढचा.

आता गुडसन-टॉडमनकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे. 'फॅमिली फ्यूड' तुम्हाला रील्समधून माहीत असेल, स्टीव्ह हार्वीचे ते वटारलेले डोळे. तो मूळचा 1976 चा शो. पहिला सूत्रसंचालक रिचर्ड डॉसन, जो येणाऱ्या प्रत्येक बाईचं चुंबन घ्यायचा (आज कोणी करून बघा!), आणि पुढे त्यातल्याच एका स्पर्धक मुलीशी त्याने लग्न केलं. डॉसनला लोकांनी त्याआधी 'मॅच गेम'मध्ये पाहिलं होतं. त्यात सहा सेलिब्रिटी बसायचे आणि रिकाम्या जागा भरायच्या. खेळ नावाला. खरं काम एकमेकांची टर उडवणं. ते 1970 च्या दशकातले भडक कपडे, हातभर लांब मायक्रोफोन घेतलेला जीन रेबर्न, ब्रेट सॉमर्स आणि चार्ल्स नेल्सन रायली यांची कायमची जुंपलेली. हे लहानपणी शाळा बुडवून पाहिलेले लोक 1994 मध्ये तिशी-पस्तिशीत होते. त्यांनी हे चॅनल उचलून धरलं.

पण मामाने पाहिलं ते याहून जुनं. 'वॉट्स माय लाइन?'. लाइन म्हणजे इथे धंदा, व्यवसाय. 2 फेब्रुवारी 1950 ला सीबीएसवर सुरू झाला आणि 1967 पर्यंत चालला. रविवारी रात्री साडेदहाला, न्यूयॉर्कहून, बहुतेक वेळा लाइव्ह. एक माणूस येणार, फळ्यावर नाव लिहिणार, आणि चार जणांचं पॅनेल हो-नाहीचे प्रश्न विचारून त्याचा धंदा ओळखणार. प्रत्येक 'नाही'ला पाहुण्याला पाच डॉलर. दहा 'नाही' झाले की पन्नास डॉलर आणि तो जिंकला. बस्स. एवढंच बक्षीस! कोटीबिटी काही नाही. आणि शेवटी एखादा प्रसिद्ध पाहुणा, तेव्हा पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या.

सूत्रसंचालक जॉन डेली हा खरं तर बातम्या देणारा माणूस. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी रेडिओवर सांगणारा आवाज त्याचाच. एकदा चित्रकार साल्वादोर दाली पाहुणा म्हणून आला. प्रत्येक प्रश्नाला तो 'हो' म्हणत सुटला. तुम्ही लेखक आहात? हो. टीव्हीवर दिसता? हो. खेळाडू? हो! डेली बिचारा मध्ये पडून समजावतोय की तसं नाही, म्हणजे एका अर्थाने आहे, पण तसं नाही. 1963 मध्ये पांढऱ्या सूटमधले एक आजोबा आले आणि पॅनेलला ते कोण हे पाहून कळलंच नाही. आज चिकनच्या डब्यावर त्यांचा चेहरा असतो. कर्नल सँडर्स.

पॅनेलवर डोरोथी किलगॅलन नावाची पत्रकार असायची, अतिशय तल्लख. 7 नोव्हेंबर 1965 च्या रविवारी ती नेहमीप्रमाणे लाइव्ह कार्यक्रमात खेळली, हसली, आणि दुसऱ्या दिवशी घरात मृतावस्थेत सापडली. तो भाग आजही बघता येतो. आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. मी एकदाच पाहिला, परत नाही पाहिला.

बरं, आता मुद्द्यावर येतो. हे बघता येतं, ते का येतं?

1950 च्या सुरुवातीला टीव्हीचा कार्यक्रम साठवायची पद्धत म्हणजे किनेस्कोप. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवायचा आणि पडद्याचंच शूटिंग करायचं. आपण थिएटरात मोबाईल धरून करतो (करू नका!) तसंच साधारण. या फिल्म दुसऱ्या गावातल्या स्टेशनांना पाठवायच्या आणि काम झालं की फेकून द्यायच्या. पुन्हा कोण बघणार? 'वॉट्स माय लाइन?'ची पहिली दोन-अडीच वर्षं अशीच कचऱ्यात गेली, काही मोजके भाग सोडून. 1952 मध्ये गुडसन आणि टॉडमन यांच्या लक्षात आलं की आपला माल फेकला जातोय, आणि त्यांनी सीबीएसला सांगितलं, पैसे आम्ही देतो, प्रत्येक भागाची फिल्म आम्हाला द्या. त्या एका निर्णयामुळे पुढचे बहुतेक सगळे भाग टिकले. शेवटच्या वर्षी कार्यक्रम रंगीत झाला होता, पण फिल्म काळ्या-पांढऱ्याच निघत होत्या. म्हणून ते रंग गेले ते गेलेच.

ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांचं काय झालं? 'जेपर्डी' घ्या. आज जी जगभर नावाजलेली क्विझ आहे, तिचा पहिला अवतार एनबीसीवर 1964 ते 1975 चालला, आर्ट फ्लेमिंग हे सूत्रसंचालक. अडीच हजारांहून जास्त भाग. शिल्लक मोजकेच. व्हिडिओटेप महाग होती, त्यामुळे भाग दाखवून झाला की त्याच टेपवर पुढचं काहीतरी रेकॉर्ड करायचे. कोणी दुष्टपणाने केलं नाही हो. आमच्या घरी ताईच्या बारशाच्या कॅसेटवर मी क्रिकेटची मॅच रेकॉर्ड केली होती, तेव्हा मीही काही दुष्ट नव्हतो. आठ वर्षांचा होतो. ताई अजून बोलून दाखवते. आणि आजी त्या कॅसेटमध्ये ओवी म्हणत होती, हे मला फार उशिरा कळलं.

तर गेम शो नेटवर्कने सुरुवातीला काय दाखवलं याची यादी म्हणजे कोणी काय जपलं याची यादी आहे. जुन्या जेपर्डीला तिथे जागाच मिळू शकत नव्हती. 'आय हॅव गॉट अ सीक्रेट'ला मिळाली, आणि म्हणून सॅम्युअल सीमोर आपल्याला भेटतात.

हा भाग 1956 च्या फेब्रुवारीतला. पंच्याण्णव वर्षांचे आजोबा येतात. पडल्यामुळे डोळ्यावर सूज आलेली, तरी आले. त्यांचं गुपित काय? 1865 मध्ये वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकन यांना गोळी घातली गेली, तेव्हा ते पाच वर्षांचे पोर प्रेक्षकांत बसले होते. तो प्रसंग पाहिलेले ते शेवटचे जिवंत साक्षीदार होते. त्यांची आठवण काय, तर बॉक्समधून एक माणूस खाली पडला आणि मला त्याचीच काळजी वाटली, त्याला किती लागलं असेल! तो माणूस म्हणजे मारेकरी बूथ. पोराला काय कळणार. पॅनेलने ते गुपित ओळखलंही. कार्यक्रम सिगारेट कंपनीचा, पण आजोबा पाइप ओढणारे, म्हणून सूत्रसंचालक गॅरी मूरने त्यांना सिगारेटऐवजी पाइपची तंबाखू दिली. दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, सीमोर गेले.

विचार करा, लिंकनचा खून पाहिलेला माणूस आपल्या मोबाईलवर बोलताना दिसतो. आणि तो इतिहासाच्या कुठल्या गंभीर कार्यक्रमामुळे नाही, तर तंबाखूच्या जाहिरातीवर चालणाऱ्या एका खेळामुळे.

चॅनलने थोडं स्वतःचंही केलं होतं. कार्यक्रमांच्या मध्ये फोनवरून खेळायचे छोटे खेळ असायचे, घरी बसून फोनची बटणं दाबून उत्तर द्यायचं. 'प्राइम गेम्स' नावाचा तसा एक प्रकार पीटर टोमार्कन चालवायचा. आपल्याकडे केबीसीने घराघरात फोन लाइन पोचवल्या 2000 साली, त्याआधीची ही गोष्ट. पण खरं सांगू? त्या काळातल्या कोणालाही विचारा, त्यांना जुने भागच आठवतात.

आणि मग एक दिवस ते गेले. मामा सांगतो, "ऑक्टोबर होता. रात्री लावलं, तर माझे पट्टीवाले लोकच नाहीत!" गुडसन यांचं 1992 मध्येच निधन झालं होतं, कंपनी हातोहात विकली जात होती आणि 1997 मध्ये ती पिअर्सन या ब्रिटिश कंपनीकडे गेली. चॅनलचा करार संपला. 11 ऑक्टोबर 1997 पासून गुडसन-टॉडमनचे जवळपास सगळे कार्यक्रम बंद. उरलं ते सोनीचं स्वतःचं कपाट. चाहते त्या काळाला 'डार्क पीरियड' म्हणतात, अंधारयुग. नाव जरा जास्तच आहे, मान्य. पण फिल्म कुठेतरी कपाटात सुरक्षित होत्या आणि तरीही एकालाही त्या बघता येत नव्हत्या, हे लक्षात घ्या. 18 एप्रिल 1998 ला नवा करार होऊन त्या परतल्या.

मला वाटतं, त्या सहा महिन्यांनी चाहत्यांना एक गोष्ट शिकवली. आज आहे ते उद्या असेलच असं नाही, तेव्हा रेकॉर्ड करा. लोकांनी व्हीसीआरला टायमर लावून मध्यरात्रीचे भाग टेप केले, कॅसेटवर तारखा लिहिल्या, एकमेकांना पोस्टाने पाठवल्या. यूट्यूबवर 'वॉट्स माय लाइन?' शोधा. कितीतरी भागांच्या कोपऱ्यात या चॅनलचा लोगो दिसेल. तो लोगो म्हणजे कोणाच्या तरी दिवाणखान्यातली ती रात्र. हक्काच्या दृष्टीने हे सरळ नाही, मला माहीत आहे, आणि कंपनीच्या वकिलाने मला पकडलं तर मी गप्प बसेन. पण मी पाहिलंय ते तिथेच. चॅनल नंतर बदललं, 2004 मध्ये नावही आखडून फक्त 'जीएसएन' झालं, स्वतःचे नवे शो आले.

हा एपिसोड लिहिताना मी मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, तू पण टेप करायचास ना? कुठे आहेत त्या कॅसेट?"

म्हणाला, "अरे, होत्या की अकरा-बारा. परत आलो तेव्हा इथल्या व्हीसीआरवर चालेनात, चित्र नुसतं गरगर फिरायचं. पडून होत्या माळ्यावर."

"मग?"

"मग काय, तुझ्या मामीने दिवाळीला माळा आवरला."

मागून मामीचा आवाज आला, "विचार त्याला, सात वर्षांत एकदा तरी हात लावला होता का!"

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्याकडे कोणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचून मला कळवा. भेटू पुढच्या भागात.