'नाइस' या शब्दाची सातशे वर्षे

आज एका छोट्या शब्दाबद्दल बोलायचे आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो आपल्या घरातलाच झाला आहे. साडी नाइस असते, आमटी नाइस होते, जावई नाइस मिळतो आणि पाऊस पडून गेला की हवाही नाइस होते. इ. स. २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यामुळे खेड्यातल्या सहा-सात वर्षांच्या मुलालाही 'नाइस म्हणजे छान' हे पाठ असते. त्याचे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. का पुरेसे नाही, ते कळण्यासाठी या शब्दाचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

'नाइस'चे मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथला शब्द 'नेस्किउस'. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही तो नेस्किउस. आपल्या संस्कृतातला 'अज्ञ' म्हणा ना! याच 'स्कीरे'पासून 'सायन्स' हा शब्द आला. म्हणजे सायन्स आणि नाइस हे एकाच घराण्यातले. एकाच्या वाट्याला ज्ञान आले, दुसऱ्याच्या वाट्याला अज्ञान. स्पॅनिश भाषेत 'नेसिओ' म्हणजे आजही मूर्ख किंवा हट्टी माणूस.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली. पुढे हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत उतरले, त्यांत 'नाइस'ही आला. साधारण १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत दिसू लागतो आणि तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' असाच होता. त्या काळी कोणाला नाइस म्हटले असते, तर भांडणच झाले असते.

मग मूर्खाचा छान कसा झाला? एका रात्रीत नाही. मूर्ख माणूस नको तिथे नखरे करतो, म्हणून शब्दाला 'नखरेल' असा अर्थ चिकटला. नखरेल माणसाला साधी गोष्ट पसंत पडत नाही; म्हणून 'चोखंदळ'. चोखंदळ माणूस बारीकसारीक पाहतो. म्हणून 'काटेकोर', 'नाजूक', 'सूक्ष्म'. आणि चोखंदळ माणसाने निवडलेली वस्तू चांगलीच असणार; म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'छान'. हे सारे टप्पे एकामागून एक, ओळीने आले असेही नाही. पुष्कळ काळ दोन-तीन अर्थ एकाच वेळी नांदत होते. ऐकणाऱ्याने मागचे-पुढचे शब्द पाहून अर्थ ओळखायचा.

शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' घ्या. हे नाटक १५९५ च्या आसपासचे. ज्युलिएट खरोखर मेलेली नाही, हे सांगणारे पत्र फ्रायर लॉरेन्स रोमिओला पाठवतो. पत्र नेणारा माणूस साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र पोहोचतच नाही. हे कळताच फ्रायर घाबरून म्हणतो, की ते पत्र 'नाइस' नव्हते. आजचा विद्यार्थी याचा अर्थ 'पत्र काही छान नव्हते' असा लावील आणि बुचकळ्यात पडेल. कारण तिथे 'नाइस' म्हणजे किरकोळ, क्षुल्लक. पत्र किरकोळ नव्हते, त्यावर दोन जीव अवलंबून होते. एका विशेषणाचा अर्थ चुकला, की नाटकातला सगळ्यांत जीवघेणा क्षण हातातून निसटतो.

१७५५ साली सॅम्युएल जॉन्सनने आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्यात 'नाइस'ला काटेकोर, चोखंदळ, नाजूक असे अर्थ आहेत. आपला 'छान' मात्र नाही. जॉन्सनची मोठी कामगिरी अशी, की त्याने नुसते अर्थ दिले नाहीत. थोर लेखकांच्या वाक्यांचे एक लाखाहून अधिक दाखले दिले. शब्द कसा वापरतात ते दाखवल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही, हे त्याने ओळखले होते.

जॉन्सननंतर पन्नास वर्षांत चित्र पालटले. जेन ऑस्टिनची 'नॉर्थअँगर ॲबी' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, डिसेंबर १८१७ मध्ये बाजारात आली. तिच्यात बाथ शहराजवळच्या टेकडीवर तरुण मंडळी फिरायला गेली आहेत. कॅथरिन नावाची भोळी मुलगी एका कादंबरीला जगातले सगळ्यांत नाइस पुस्तक म्हणते. हेन्री तिची थट्टा करतो. तो म्हणतो, नाइस म्हणजे नीटनेटके ना? मग ते बांधणीवर अवलंबून! पूर्वी हा शब्द नेमक्या गुणांसाठी होता, आता दिवस, सहल, मुली, पुस्तक सगळ्यांना एकच शब्द, अशी त्याची तक्रार. तेव्हा त्याची बहीण एलिनर त्याला टोकते, की शहाणपणापेक्षा तूच जास्त 'नाइस' आहेस, म्हणजे फाजील चिकित्सक आहेस. एकाच संभाषणात शब्दाचा नवा अर्थ आहे आणि जुनाही. वादात हेन्री हुशार ठरतो, पण पुढच्या दोनशे वर्षांत जिंकली ती कॅथरिन. कारण भाषा पंडित चालवत नाहीत, बोलणारे चालवतात.

पण जुना अर्थ पूर्ण मेला का? नाही, काही सोबत्यांबरोबर तो अजून जिवंत आहे. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान फरक नव्हे, सूक्ष्म फरक. कायद्याच्या पुस्तकात 'अ नाइस क्वेश्चन' भेटला, तर तो नाजूक आणि गुंतागुंतीचा मुद्दा असतो. तिथे 'छान प्रश्न' असे भाषांतर केले तर वकिलाची पंचाईत होईल. 'नाइस अँड हॉट' चहा म्हणजे चांगला आणि गरम असे दोन गुण नव्हेत. हवा तसा मस्त गरम, एवढेच. घोळ घालून ठेवल्यावर 'अ नाइस मेस' म्हटले तर ती चपराक असते. आणि नोकरीच्या शिफारसपत्रात माणूस फक्त 'नाइस' आहे एवढेच लिहिले असेल, तर समजणारा समजून जातो, की कामाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

हे अवघड वाटते का? मग आपला 'बरा' पाहा. 'आता बरं वाटतंय' यात समाधान आहे. 'बरा सापडलास!' यात दरडावणी आहे. सोयरिकीच्या चौकशीत कोणी 'मुलगा बरा आहे' असे ओढून म्हणाला, तर मुलीचा बाप दुसरे स्थळ पाहायला लागतो. हे आपल्याला कोणत्या कोशाने शिकवले? कोणीच नाही. आपण तो शब्द माणसांच्या तोंडून, प्रसंगासकट ऐकला.

माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला 'गरीब' हा शब्द फार जवळचा. अरबीत 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी, विलक्षण. परक्या मुलखात माणसाचे कोणी नसते, हाती पैसा नसतो. म्हणून आपल्याकडे गरीब म्हणजे निर्धन झाला. मराठीने त्यापुढे आणखी एक पाऊल टाकले. 'गरीब गाय' म्हणताना आपण गाईची मिळकत मोजत नाही, तिचा स्वभाव सांगतो. आणि मूळ अर्थ? तो 'अजीबोगरीब' या जोडीत सुखरूप आहे. हिंदी सिनेमात ती जोडी आपण कितीदा ऐकतो, पण तिथे कोणाच्या मनात दारिद्र्य येत नाही. शेजारचा शब्द अर्थ सांभाळतो.

उलटा प्रवासही घडतो. सम्राट अशोक स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवत असे. त्याच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली आपल्या सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींना मिळाला. तेच बिरुद पुढे संस्कृत व्याकरणात 'मूर्ख' या अर्थाने नोंदले गेले. इंग्रजीतला 'सिली'सुद्धा असाच. एके काळी त्याचा अर्थ सुखी, धन्य असा होता, आज बावळट. मूर्ख वर चढला, धन्य खाली उतरला. शब्दांच्या नशिबात कायमची जहागीर नसते.

आता मुद्द्यावर येतो. मोल्सवर्थ साहेबाने मराठी-इंग्रजी कोश केला, तो १८३१ साली निघाला. सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. त्याने मराठीचे नुसते शब्द गोळा केले नाहीत, त्यांचे वाक्प्रचार आणि म्हणीही टिपल्या. परक्याची भाषा शिकायची तर एवढे करावेच लागते. आपण मात्र मुलांना इंग्रजी शिकवताना एका शब्दापुढे एक अर्थ लिहून देतो आणि शंभर शब्द पाठ करून घेतो. मग घरात पहिल्यांदाच इंग्रजी शिकणारा मुलगा कॉलेजात गेला, की वाक्यातले सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्य कळत नाही. तो स्वतःलाच कमी समजू लागतो. दोष त्याचा नसतो. त्याला शब्द भेटवले, पण त्यांचे सोबती भेटवले नाहीत.

उपाय खर्चिक नाही. वहीत शब्दापुढे अर्थ लिहायचा, त्याखाली तीन वाक्ये लिहायची. वाचलेली, ऐकलेली, निरनिराळ्या प्रसंगांतली. आणि काही आवडले तर लगेच 'नाइस' म्हणून मोकळे न होता, नेमके काय आवडले ते सांगायचे. चव की वास, रंग की पोत, माणसाचे बोलणे की त्याचे मूकपणे मदतीला धावणे? आपल्या हेन्रीची तक्रार तेवढ्यापुरती खरी होती. सगळ्यांनाच नाइस म्हटले, तर कोणालाच काही म्हटल्यासारखे होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)